बोलण्याचीही मात्रा असते

एकाच घरात तीन सल्ले मिळतात. मोठ्या काकू म्हणतात, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून घ्या. धाकटे दीर म्हणतात, इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसून या, डोकं शांत होईल. कॉलेजात शिकणारी पुतणी म्हणते, थेरपिस्ट गाठा. चौथा सल्ला डॉक्टरांच्या गोळीचा. तो बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी येतो, तोही 'पण एकदा सुरू केली की सवय लागते हं' अशी शेपटी घेऊन.

हे रस्ते जणू एकमेकांचे वैरी आहेत, अशा थाटात बोललं जातं. गोळी घेतली म्हणजे मन कमकुवत, असा एक सूर. 'नुसतं बोलून कुठे आजार जातो का', असा दुसरा. गोळीला मात्रा असते हे सगळ्यांना ठाऊक आहे: किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती महिने. बोलण्याच्या उपचारालाही तशीच मात्रा असते, मुदत असते, दुष्परिणाम असतात, आणि अर्धवट शिकलेल्या हातात तो बिघडतो. व्यायामाचं आणि ध्यानाचंही तेच. हे तपशील हाताशी नसले की तुलना फक्त मतांची होते.

आधी आजार कोणता ते बघा

नसलेले आवाज ऐकू येणं, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी पक्की खात्री, तीन-तीन रात्री झोप नाही तरी थकवा नाही आणि पैसे उधळणं, बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अचानक आलेला भ्रम, किंवा नैराश्य इतकं की अन्नपाणी सुटलंय: इथे औषध आधी. यात वादाला जागा नाही. असे आवाज आणि भ्रम होणाऱ्या स्किझोफ्रेनिया या आजाराच्या ६५ चाचण्या एकत्र करून २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला हिशेब असा आहे की सात ते बारा महिन्यांत, औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार उलटला, तर औषधाच्या जागी खोटी गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा.

पण म्हणून बोलण्याला इथे काम नाही असं नाही. घरातली सततची टोचणी, 'काम कर, नुसता झोपतोस', यामुळे स्किझोफ्रेनिया पुन्हा उसळतो हे गेली पन्नासहून जास्त वर्षं माहीत आहे. घरच्यांना आजार समजावून सांगणं, आवाज न चढवता बोलायला शिकवणं हाही उपचारच. तो गोळीवर रचला जातो, गोळीच्या जागी नाही.

दुसऱ्या टोकाला सौम्य नैराश्य, विशिष्ट गोष्टींची भीती, जुनाट निद्रानाश, आघातानंतर मनात रुतून बसलेले प्रसंग. इथे बोलण्याचा उपचार आधी. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेचं २०२२ चं मार्गदर्शन सांगतं की सौम्य नैराश्यात रुग्णाची स्वतःची पसंती नसेल तर सरसकट गोळीने सुरुवात करू नये. निद्रानाशात अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेने २०१६ मध्येच झोपेच्या गोळीआधी वर्तनोपचार ठेवला.

मधला पट्टा सगळ्यात मोठा: मध्यम ते तीव्र नैराश्य, पॅनिक म्हणजे अचानक येणारे भीतीचे झटके, ओसीडी म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार. यात दोन्ही चालतात आणि नैराश्यात दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त चालतात. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगायला नको. डावणी हा बुरशीचा रोग आला की फवारणी करावीच लागते. त्या वेळी नुसती पानं काढत बसलं तर घड हातचे जातात. पण पानांची गर्दी तशीच ठेवून हवा खेळती केली नाही, तर फवारण्यांची संख्या वाढतच राहते. सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या उपचाराचा, फायदा उपचार संपल्यावरही बऱ्यापैकी टिकतो, गोळीचा फायदा गोळी बंद केल्यावर तितका टिकत नाही, हा या दोघांतला खरा फरक.

आणि याही आधी एक रक्ततपासणी. थायरॉइडची टीएसएच, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर. थायरॉइड मंद असलं किंवा बी-१२ कमी असलं, आणि शाकाहारी घरांत ते बरंच आढळतं, तर थकवा, उदासी, विसरभोळेपणा सगळं नैराश्यासारखंच दिसतं. तिथे ना थेरपी कामाची, ना सर्ट्रालिनसारखी नैराश्याची गोळी.

गोळी काय करते, काय करत नाही

'मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालंय, ते गोळी भरून काढते' हे वाक्य अजून दवाखान्यात ऐकू येतं. २०२२ मध्ये झालेल्या मोठ्या आढाव्यात नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, याला सातत्याने टिकणारा पुरावा सापडला नाही. यावरून गोळ्याच खोट्या असं काहींनी जाहीर करून टाकलं. ते चूक. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पण ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेमुळे येत नाही. २०१८ च्या 'लॅन्सेट'मधल्या पाहणीत नैराश्याची २१ औषधं, ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून जास्त रुग्ण होते; एकवीसच्या एकवीस औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र सरासरी फरक मध्यमही नव्हे, माफक होता. पहिल्याच औषधाने पूर्ण बरं वाटणारे साधारण तिघांत एक. म्हणजे पहिली गोळी लागू पडली नाही यात नवल नाही, आणि लगेच 'मला कशानेच फरक पडत नाही' असं मानायचं कारणही नाही.

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही रोजची नावं. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाज यायला सहा. मळमळ आणि वाढलेली बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. त्रास आधी, आराम नंतर, या उलट्या क्रमामुळेच बरेच जण दहाव्या दिवशी स्ट्रिप कपाटात टाकतात. मळमळ जेवणानंतर घेतल्याने कमी होते आणि बहुधा दोन आठवड्यांत जाते. लैंगिक इच्छा कमी होणं टिकून राहतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

सवय लागते ती वेगळ्या गोळ्यांची: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम. 'टेन्शनची गोळी' किंवा 'झोपेची गोळी' म्हणून मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं घेतल्या जातात त्या याच. पहिल्याच दिवशी बरं वाटतं, हीच त्यांची मेख. दोन ते चार आठवड्यांच्या पुढे रोज घेतल्या तर शरीर त्यांना सरावतं. एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो. लोक घाबरतात एस्सिटालोप्रॅमला आणि बिनधास्त घेतात अल्प्राझोलाम, हे खरं तर उलटं हवं.

बोलण्याचा उपचार म्हणजे गप्पा नव्हेत

मनमोकळं केलं की बरं वाटतं, ते खरंच. पण सीबीटीत त्याच्या पुढचं काम असतं: ४५ ते ६० मिनिटांची बैठक, आठवड्याला एक, एकूण १२ ते २० बैठका, प्रत्येक बैठकीत ठरलेला विषय आणि घरी करायचा अभ्यास. मराठी वाचकांना याची एक शाखा जुनी ओळखीची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. 'असं व्हायलाच हवं' हा हट्ट आणि 'असं झालं तर बरं' ही इच्छा, या दोहोंत फरक करायला ती शिकवते.

नैराश्यात सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळा चुकवलं जाणारं तंत्र म्हणजे कृती वाढवणं. अवकाळीने बाग गेली आणि माणूस महिनाभर शिवारात फिरकलाच नाही, असं धरू. पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही. फक्त वहीत तासागणिक काय केलं ते लिहायचं आणि शेजारी मनःस्थितीला ० ते १० गुण द्यायचे. दुसऱ्या आठवड्यात ती वही वाचली की दिसतं: दिवसभर मोबाइल पाहत पडल्यावर २, भाच्याला शाळेत सोडून आल्यावर ४. मग त्या ४ वाल्या गोष्टी वेळ ठरवून वाढवायच्या. 'सकाळी सात वाजता बांधापर्यंत चालत जाऊन परत यायचं, दहा मिनिटं', इतकं बारीक. 'उद्यापासून बाग बघायला लागतो' हे काम म्हणून फार मोठं. पहिल्याच दिवशी जमत नाही आणि 'बघा, मी निकामीच' याला आणखी एक पुरावा मिळतो. दुसरी चूक म्हणजे उत्साह येण्याची वाट पाहणं. इथे क्रम उलटा आहे, आधी पाय चालतात, मग मन.

हे तंत्र मोठ्या डिग्रीशिवायही शिकवता येतं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत ते दिलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या गावांतच २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प चालला, गावातल्याच स्वयंसेवकांना ऐकून घेणं, प्रश्न सोडवणं आणि कृती वाढवणं शिकवणारा. पुढे तो गुजरातच्या मेहसाण्यात गेला.

ओसीडीत तंत्र वेगळं आणि कडक. आपल्याकडे ओसीडी पुष्कळदा सोवळ्याच्या आड लपतो. आजी तासभर आंघोळ करतात याला घरात धार्मिकपणा म्हणतात. ओळखायची खूण: श्रद्धेने केलेल्या सोवळ्यानंतर समाधान मिळतं, ओसीडीत धुऊन झाल्यावरही शंका उरते. उपचारात भीतीची उतरंड करतात, ० ते १०० गुणांची. सुरुवात ३०-४० गुणांच्या पायरीपासून. मेळा बसस्थानकात एसटीचा दांडा धरायचा आणि तासभर हात धुवायचे नाहीत. घालमेल चढते, टिकते आणि न धुताही उतरते; हे शरीराला कळणं हाच उपचार. यात घोटाळा घरचेच करतात, प्रेमापोटी: 'झाले गं हात स्वच्छ, मी बघितलं ना.' हा दिलासा म्हणजे आणखी एकदा हात धुणंच. गोळीही ओसीडीत चालते, पण नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत, आणि फरक दिसायला दहा-बारा आठवडे लागतात.

निद्रानाशाचं गणित तर कागदावर मांडता येतं. समजा, कोणी रात्री दहा ते सकाळी साडेसहा अंथरुणात असतो, म्हणजे साडेआठ तास, आणि झोप लागते साडेपाच. उपचार म्हणतो, अंथरुणातला वेळही साडेपाच तासच करा: साडेबाराला आडवं व्हायचं, सहाला उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के झोप लागू लागली की आठवड्याला १५ मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली कधी जायचं नाही. पहिले दहा दिवस वाईट जातात. सातपूर-अंबडला मशिनवर उभं राहणाऱ्याने किंवा गाडी चालवणाऱ्याने हे आपल्या मनाने सुरू करू नये. बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य आणणारा आजार) किंवा फिट्स असणाऱ्याने तर नाहीच, कारण झोप तोडली की उन्माद किंवा फिट उसळू शकते. याच कारणासाठी बायपोलरच्या रुग्णाला तिसरी शिफ्ट नको, अशी चिठ्ठी डॉक्टरांकडून कंपनीला द्यावी.

थेरपीचेही दुष्परिणाम असतात म्हटलं की लोक चमकतात. साधारण ५ ते १० टक्के रुग्णांची अवस्था उपचारात आणखी बिघडते. आघाताचा प्रसंग तयारी न करून घेता उकरला, किंवा दोन वर्षं बैठका चालू आहेत आणि उद्दिष्टच ठरलेलं नाही, असं झालं की हे होतं. मोजमाप ठेवणं हा त्यावर उपाय. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची मराठीतही मिळणारी प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. गुण ० ते २७, १० किंवा जास्त आले की मध्यम नैराश्याची शक्यता. सुरुवातीला एकदा आणि मग दर दोन आठवड्यांनी भरायची. पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक. पाच-सहा बैठकांनंतरही आकडा हललेला नसेल तर पद्धत, माणूस किंवा निदान यातलं काहीतरी बदलायला हवं, हे थेरपिस्टला स्पष्ट विचारावं. नववा प्रश्न जगण्याच्या इच्छेबद्दलचा आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

इगतपुरी, अश्वगंधा आणि उपास

चालणं-पळणं-सायकल यांनी सौम्य-मध्यम नैराश्य कमी होतं, याचा पुरावा भक्कम आहे. मात्रा: आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. गोदाकाठी रमतगमत केलेली फेरी छान, पण ती या हिशेबात धरू नका. प्राणायामात लांब उच्छ्वास चिंतेत उपयोगी पडतो; पॅनिकच्या रुग्णाने भस्त्रिका किंवा जोरकस कपालभाती टाळावी, कारण जलद श्वासाने हातापायांना मुंग्या आणि चक्कर येते आणि तीच पॅनिकची नांदी वाटते.

इगतपुरीचं धम्मगिरी जगभर नावाजलेलं. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान. तिथला अर्ज नीट वाचणारे कमी: गंभीर मनोविकार असणाऱ्यांना हे शिबिर सुचवलेलं नाही आणि ते वैद्यकीय उपचारांची जागा घेत नाही, असं विपश्यनावाले स्वतःच सांगतात. तरी 'गोळ्या बंद करून तिथे पाठवला' हा प्रकार होतोच. कमी झोप, एकांत आणि बंद झालेलं औषध हे बायपोलर-स्किझोफ्रेनियात एकत्र आणू नये असेच तीन घटक आहेत. नैराश्याचे तीन किंवा जास्त झटके येऊन गेलेल्या आणि सध्या बऱ्या असलेल्या माणसासाठी आठ आठवड्यांचा, आठवड्याला एका बैठकीचा सजगतेवर आधारलेला उपचार आहे. तो झटका परतण्याची शक्यता कमी करतो. ध्यान तेच, मात्रा वेगळी.

वनस्पती म्हणजे निर्धोक, हा समज सर्पगंधेने कधीच मोडलाय. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या उन्मादावरच्या आणि रक्तदाबावरच्या परिणामाबद्दल लिहिलं, १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि काही वर्षं ते मनोविकारांत वापरलंही. काम करायची म्हणूनच तिचे दुष्परिणामही होते. अश्वगंधेने गुंगी वाढते, थायरॉइडची पातळी हलते, क्वचित यकृताला इजा होते. ती घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

बायपोलरमध्ये दिलं जाणारं लिथियम घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. या औषधाची उपयोगी पातळी रक्तात लिटरला साधारण ०.६ ते १ मिलिमोल आणि १.५ च्या पुढे विषबाधा. मधलं अंतर इतकं अरुंद. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की पातळी चढते. म्हणून निर्जळी एकादशी नको. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालायचं असेल तर पाणी भरपूर प्यायचं आणि पाय दुखले म्हणून आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही, तेही लिथियम वाढवतं. पॅरासिटामॉल चालतं. हात जोराने थरथरणं, उलट्या-जुलाब, बोलणं अडखळणं, चाल डगमगणं दिसलं तर पुढचा डोस थांबवून थेट रुग्णालय.

पूजेबद्दल दोन वाक्यं. त्र्यंबकला जाऊन मनाला धीर येत असेल तर जावं, फक्त त्या तीन दिवसांत गोळीचा डबा बरोबर हवा. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चटके, साखळी मात्र महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

गोळी सोडताना

नैराश्याच्या पहिल्या झटक्यात पूर्ण बरं वाटल्यावर सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, वारंवार झटके येत असतील तर दोन वर्षं किंवा जास्त. बरं वाटतंय म्हणून लगेच बंद करणं ही नेहमीची चूक, आणि दुसरी म्हणजे सरळ सारख्याच आकाराच्या पायऱ्यांनी उतरणं. मात्रा आणि मेंदूवरचा परिणाम सरळ रेषेत नसतात. एस्सिटालोप्रॅम १० वरून ५ सोपं जातं, ५ वरून शून्य अवघड. म्हणून खालच्या पायऱ्या जास्त आणि लहान ठेवायच्या, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन सोडताना जास्त त्रास होतो; फ्लुऑक्सेटिन शरीरात रेंगाळतं म्हणून कमी. हळू विरघळणाऱ्या गोळ्या-कॅप्सूल तोडायच्या नाहीत.

डोक्यात विजेचा चटका बसल्यासारखं, गरगरणं, भडक स्वप्नं, चिडचिड, ही दोन-चार दिवसांत सुरू झाली आणि गोळी परत घेताच लवकर शमली, तर ती सोडण्याची लक्षणं. उदासी आठवड्यांमागून आठवडे हळूहळू दाटत आली तर आजार परतलाय. सोडण्याच्या त्रासाला 'आजार परतला' म्हणून अनेकांना आयुष्यभराची गोळी लागते. त्यामुळे गोळी उतरवायला घेण्यापूर्वी सीबीटी किंवा सजगतेच्या बैठका झालेल्या असाव्यात. परीक्षा, लग्नसराई, काढणी असा धकाधकीचा काळ मधे येऊ देऊ नये.

कोणाकडे जायचं

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम; गोळी तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक विचारायला संकोच नको. 'समुपदेशक' ही पाटी मात्र महिन्याभराच्या प्रमाणपत्रावरही लागलेली दिसते. पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत: माझ्या त्रासासाठी कोणती पद्धत वापराल, साधारण किती बैठका, आणि फरक पडला नाही तर पुढे काय. 'सकारात्मक विचार करा' एवढंच उत्तर मिळालं, किंवा समुपदेशकाने डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर दुसरी पाटी शोधा.

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, नाशिकला नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखालची सेवा जिल्हा रुग्णालयातून चालते. सुरगाणा-पेठकडच्या माणसाला आठवड्याला एक बैठक म्हणजे दर खेपेला एक मजुरी बुडते. अशा वेळी पहिली आणि दर चौथी बैठक समोरासमोर, मधल्या फोनवर, असं ठरवून घेता येतं. टेलि-मानस हा सरकारी क्रमांक १४४१६ चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो.

जाताना पिशवीत काय न्यायचं: आजवरच्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, काढे-चूर्णांच्या डब्यांसकट, टीएसएच-बी-१२ चे रिपोर्ट, भरलेली पीएचक्यू-९, आणि एका कागदावर तारखांसकट, कोणती गोळी कधी सुरू केली आणि कोणी न सांगता कधी बंद केली.